आठवड्याला एक तांब्या: कोथरूडमधल्या एका युक्काचं प्रकरण

पावसाळ्यात माझ्याकडे घरातल्या झाडांच्या ज्या तक्रारी येतात त्यांत युक्का बराच वर असतो. जवळजवळ प्रत्येक तक्रारीत एक वाक्य ठरलेलं: "पाणी तर आम्ही अगदी कमी घालतो." बहुतेक घरांत ते खरं नसतं. पाणी घालणारे हात दोनापेक्षा जास्त असतात आणि प्रत्येकाला वाटतं, आपण एकटेच घालतो. या घरात मात्र ते वाक्य शंभर टक्के खरं होतं. तरीही झाड कुजलं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

घर आणि झाड

कोथरूडमधली सोसायटी, चौथा मजला. मुलगा आणि सून दोघं नोकरीला, झाडांचा कारभार काकूंकडे. युक्का आदल्या दिवाळीत एका नर्सरीतून आणलेला. नर्सरीवाले ज्याला 'तीन स्टिकचा' म्हणतात तसा: सर्वांत उंच खोड साडेचार फुटांचं, मधलं तीन फुटांचं, धाकटं दीड फुटाचं. प्रत्येक खोडाच्या वरच्या कापावर मेण आणि त्याच्या जरा खालून फुटलेले पात्यांचे झुबके. झाड काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत, ती कुंडी पांढऱ्या चकचकीत सिरॅमिकच्या कुंडीत. बाहेरच्या कुंडीला भोक नव्हतं. फरशीवर डाग पडू नयेत म्हणून मुद्दाम तशीच निवडलेली. जागा म्हणजे हॉलमधला टीव्हीशेजारचा कोपरा, बाल्कनीच्या दारापासून दहाबारा फूट आत.

विकणाऱ्याने सांगितलं होतं की वाळवंटातलं झाड आहे, आठवड्यातून एकदा पाणी पुरे. काकूंनी ते अक्षरशः पाळलं. दर रविवारी पूजा आटोपली की एक तांब्या. "त्यावर थेंब नाही हो, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही मी," त्या म्हणाल्या. त्यांच्या सुनेनेही त्याला दुजोरा दिला, जरा वैतागूनच.

दिवाळी ते मे झाड छान होतं. मेमध्ये दोन झुबक्यांतून नवी पाती आली. जूनच्या अखेरीस उंच खोडाची खालची पाती पिवळी पडायला लागली. खालची जुनी पाती वाळणं हे युक्काचं नेहमीचंच असतं, एखाददुसरं पान तपकिरी होऊन लोंबतं आणि गळतं, त्यामुळे घरच्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पण इथे पाती वाळत नव्हती, ओली पिवळी होत होती, आणि एकदम सातआठ. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले: आंबट ताक, एप्सम सॉल्ट, चिमूटभर डीएपी. काकूंनी त्यातला फक्त चहाचा चोथा मान्य केला आणि कुंडीत वरून पसरला. जुलैच्या मध्यावर उंच खोडाचा झुबका पूर्ण लोंबला. काही दिवसांनी खोड भिंतीकडे कललं. तेव्हा मला फोन आला.

काय दिसलं

कुंडीजवळ जाताच चिलटं उठली. माती सतत ओली असल्याशिवाय ही चिलटं तिथे नांदत नाहीत, त्यामुळे अर्धं निदान तिथेच झालं होतं. तरी बाकीच्या शक्यता तपासल्या. पात्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकणाचा पांढरा कापूस नव्हता. पानाच्या पाठीमागे खवले कीड नव्हती, लाल कोळ्यांची जाळी नव्हती. उन्हाने करपण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या कोपऱ्यात दुपारी बारा वाजता वर्तमानपत्र वाचायला दिवा लावावा लागत होता.

राहिली तहान. तहानलेला युक्का आणि मुळं कुजलेला युक्का लांबून सारखेच दिसतात, पाती दोन्हींत लोंबतात. लोक इथेच फसतात आणि आणखी पाणी घालतात. फरक हाताला कळतो. तहानलेल्या झाडाचं खोड दगडासारखं टणक राहतं, कुंडी उचलली तर हलकी लागते. इथे उंच खोड जमिनीपासून वीतभर अंगठ्याने दाबलं तर आत जात होतं, आणि वरचा झुबका धरून जरा ओढला तर मधली पाती हातात आली. बुडाशी तपकिरी, आंबूस वास. खोड दोन्ही टोकांनी गेलं होतं.

मधलं खोड वरून ठीक, बुडाशी चार बोटं मऊ. धाकटं पूर्ण टणक.

मग आतली कुंडी बाहेर काढली. सिरॅमिकच्या कुंडीत दोन इंच काळं पाणी. काकू बघतच राहिल्या. "अहो, पण मी एकच तांब्या घालत होते!"

एक तांब्या कुठे गेला

काकूंचा तांब्या मोजून पाहिला, लिटरभराचा होता. दहा इंची कुंडीला आठवड्याला एक लिटर पाणी एप्रिलमध्ये जास्त नाही. पुण्यात एप्रिलची दुपार अडतीस-चाळीस अंशांची, हवा कोरडी ठणठणीत, घरात दिवसभर पंखा आणि रात्री एसी. तेवढं पाणी झाड आणि हवा मिळून आठवडाभरात संपवत होते. बाहेरच्या कुंडीत काही झिरपत असेल तर तेही पुन्हा शोषलं जात होतं. म्हणून सहा महिने काही बिघडलं नाही.

जूनमध्ये सगळा हिशेब उलटा झाला. हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर, खिडक्या बंद, पंखा कमी, आकाश सतत भरलेलं. मातीवरून वाफ होणं जवळपास थांबलं. झाडाचं पाणी पिणंही थांबलं, कारण झाड पाणी वापरतं ते प्रामुख्याने प्रकाशाच्या जोरावर. मोबाइलवरच्या लक्समध्ये उजेड मोजणाऱ्या अॅपने त्या कोपऱ्यात दुपारी दीडशेच्या आसपास आकडा दाखवला. हे अॅप काही प्रयोगशाळेतलं उपकरण नाही, पण तुलनेला पुरतं. बाल्कनीत त्याच वेळी, ढगाळ असूनही, काही हजार. भर उन्हात हा आकडा लाखाच्या घरात असतो. दीडशे लक्समध्ये युक्का जगत नसतो, खोडातला साठा खात दिवस काढत असतो. खर्च आटला, जमा मात्र दर रविवारी लिटरभर चालूच. उरलेलं पाणी जायला भोक नाही.

पाणी साचल्याने मुळं 'सडतात' असं आपण म्हणतो, पण आधी ती गुदमरतात. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू पाण्यात पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की बारीक मुळं मरतात, आणि मेलेल्या मुळांवर पिथियमसारखे मातीतले रोगकारक जीव चढतात. मुळं गेली की खाली पाण्याचं तळं असूनही वर पाती तहानेने लोंबतात.

शिवाय युक्का तक्रार फार उशिरा करतो. जाड खोडात पाणी साठलेलं असतं, त्यामुळे मुळं गेल्यावरही पाती कितीतरी दिवस हिरवी राहतात. काकूंना पहिलं पिवळं पान दिसलं तेव्हा खाली बरंच काही संपलेलं असणार.

आणखी एक गोष्ट कुंडी काढल्यावर कळली. हे तीन स्टिकचे युक्का बियांपासून वाढवलेले नसतात. शेतात वाढलेली लांब खोडं करवतीने हव्या त्या लांबीची कापतात, वरच्या कापाला मेण लावतात आणि खालच्या टोकाला मुळं फोडतात. म्हणजे साडेचार फूट खोडाला मुळं फक्त तळाशी, तीही मूठभर. आमच्या या कुंडीत त्या मूठभर मुळांभोवती काळ्या चिकट मातीचा गोळा होता आणि त्याच्या भोवती नुसतं कोकोपीट. काळी माती आपल्याकडच्या शेतकऱ्याला ओळखीची आहे, ओली झाली की फुगते आणि पाणी धरून बसते. कापसाला ते बरं, कुंडीतल्या युक्काला नाही.

फाटकाजवळची रांग

निदान सांगून झाल्यावर मुलाने एक चांगला प्रश्न विचारला. सोसायटीच्या फाटकाजवळ कुंपणाला लागून युक्काची रांग आहे, पानं तशीच, काटा नाही, बुंधे हत्तीच्या पायासारखे फुगलेले. त्यांना जून ते सप्टेंबर अख्खा पाऊस बसतो, कुणी छत्री धरत नाही. ती का मरत नाहीत?

ती मरत नाहीत कारण ती वाळवंटी नाहीतच, आणि घरातलं झाडही नव्हतं. युक्का वंशात चाळीसच्या वर जाती आहेत. वाळवंटातल्या म्हणाव्यात अशा त्यांत नक्कीच आहेत. कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातला जोशुआ ट्री हा युक्काच. टेक्सास आणि मेक्सिकोच्या कोरड्या डोंगरांवर वाढणारा, निळसर पातळ पात्यांचा युक्का रोस्ट्राटा हाही खरा कोरडवाहू. पण आपल्या नर्सरीत घरात ठेवायला म्हणून जो विकला जातो तो बहुतेक वेळा युक्का जायजँटिया, ज्याला अजून अनेक जण एलिफंटिपीस म्हणतात. हा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. एल साल्वादोर देशाचं हे राष्ट्रीय फूल, तिथे त्याला इझोटे म्हणतात आणि फुलं अंड्यात परतून खातात. त्या देशाची राजधानी सान साल्वादोर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर आहे, आपल्या पुण्यापेक्षा थोडी उंच. तिथला पाऊस वर्षाला १,७०० मिलिमीटरच्या आसपास, मे ते ऑक्टोबर. पुण्यात सरासरी साडेसातशेच्या आगेमागे. म्हणजे ज्या झाडाला आपण वाळवंटी म्हणून तांब्याने मोजून पाणी घालतो, ते मूळचं आपल्या दुप्पट पावसातलं.

तिथे ते पाऊस सोसतं कारण पाणी उतारावरून, भुसभुशीत मातीतून निघून जातं आणि वर भरपूर प्रकाश असतो. फाटकाजवळच्या रांगेचंही तेच. ती जागा बांधकामाच्या वेळी मुरूम टाकून उंच केलेली. पाणी पडतं तेवढं खाली जातं, मुळांना दोन सरींच्या मधे हवा मिळते. हॉलमधल्या झाडाला त्याच्या तुलनेत पाणी नगण्य होतं, पण गेलं कुठेच नाही.

'वाळवंटी' या शिक्क्याने या घरात दोन गोष्टी केल्या. पाणी कमी घातलं म्हणजे आपलं काम झालं, असं वाटलं. आणि वाळवंट म्हणजे आधी ऊन, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मला विचाराल तर दुसरी चूक मोठी होती. तेच झाड, तोच तांब्या, पण बाल्कनीच्या दाराशी असतं तर बहुधा हा लेख लिहावा लागला नसता.

काय केलं

उंच खोड वाचवण्यासारखं नव्हतं. मधे कुठे टणक भाग मिळतो का म्हणून दोन ठिकाणी कापून पाहिलं. गाभा वरपासून तपकिरी. ते टाकून दिलं, कंपोस्टमध्येही नाही.

धाकट्याची माती धुऊन काढली. जिवंत मूळ टणक आणि फिकट असतं. मेलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सटकतं आणि आत दोऱ्यासारखा धागा उरतो. मेलेली सगळी कात्रीने काढली, अर्ध्याहून थोडी जास्त उरली. पुरेशी होती.

मधल्यावर खरी मेहनत. एक्सा ब्लेड स्पिरिटने पुसून बुडापासून चकत्या काढत वर गेलो. प्रत्येक चकतीनंतर काप बघायचा: मधे तपकिरी ठिपका दिसला तर अजून वर. सहा इंच गेल्यावर स्वच्छ मलईच्या रंगाचा काप मिळाला. प्रत्येक कापाआधी ब्लेड पुन्हा पुसायचं, नाहीतर रोग आपणच वर नेतो. काकूंनी हळद आणली. मी लावू दिली. नुकसान नाही, पण भिस्त तिच्यावर नव्हती. कॉपर ऑक्सिक्लोराइड या बुरशीनाशकाची पेस्ट लावली, आणि त्याहूनही महत्त्वाचं म्हणजे काप वाळवला. एरवी चारपाच दिवस सावलीत पुरतात. जुलैत हवाच ओली, म्हणून खोड पंख्याखाली आठवडाभर आडवं ठेवलं. वरची निम्मी पाती कापली, कारण मुळं नसताना तेवढ्या पात्यांना पाणी पुरवणार कोण? खोडावर खडूने बाणाची खूण केली. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण पानं नसलेलं खोड असेल तर वर कुठलं आणि खाली कुठलं हे आठवड्याने खरंच कळत नाही, आणि उलटं लावलेलं खोड मुळं धरत नाही.

मिश्रण साधं: एक भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट, दोन भाग वाटाण्याएवढे भाजक्या विटांचे तुकडे आणि पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) मिळून. विटांचा चुरा चाळून त्यातली पूड काढून टाकायची, नाहीतर तीच पुन्हा भोकं बुजवते. मधल्या खोडाला मुळं येईपर्यंत कंपोस्ट नाही आणि मातीही नाही, नुसत्या विटा आणि पर्लाइट. कुंड्या कुंभारवाड्यातल्या साध्या मातीच्या, आठ इंची. त्यांच्या अंगातून पाणी उडतं, आणि एवढ्याशा मुळांना मोठी कुंडी दिली तर न वापरलेली ओल पुन्हा साचणार. झाड वरून जड असेल तर लहान कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून भोवती दगड भरावेत, पण मोठ्या कुंडीला भोक हवंच.

मुलाला तळाशी तीन इंच खडीचा थर द्यायचा होता, 'निचऱ्यासाठी'. हा समज इतका पक्का आहे की नर्सरीवालेही तसंच सांगतात. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही. ते मातीच्या तळाशीच अडून राहतं. कुठल्याही कुंडीत तळाला असा एक चिंब थर राहतोच, खडी घातली की तो थर तेवढाच वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एक खापरी ठेवावी, माती वाहू नये म्हणून. त्यापेक्षा जास्त काही नको. निचरा हवा असेल तर खडी मिश्रणात मिसळावी.

दोन्ही कुंड्या पूर्वेच्या बाल्कनीत गेल्या. काकूंना पावसाची भीती वाटत होती. मी म्हणालो, लागू दे. अंधारातून एकदम उन्हात आणलेलं झाड पांढरट डाग पडून करपतं. ऑगस्टमध्ये आभाळच पडदा धरतं, त्यामुळे पुण्यात घरातलं झाड बाहेर काढायला याच्याइतका सोयीचा काळ नाही. गणपती जाऊन ऑक्टोबरचं ऊन तापेपर्यंत पाती सरावतात.

खत शून्य. नवं पान दिसेपर्यंत काहीही नाही, ताकही नाही.

पाणी आता कसं

रविवार बंद केला. काकूंना हे सगळ्यात जड गेलं. एक दिवस ठरलेला असला की विसरत नाही, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हणून रविवार ठेवला, पण पाणी घालायला नाही, बघायला. खराट्याची एक काडी कडेने तळापर्यंत खुपसायची, दोन मिनिटांनी काढायची. काडी ओलसर किंवा माती चिकटलेली आली तर पुढच्या रविवारी बघू. कोरडी आली तर पाणी, आणि तेव्हा मात्र हात आखडायचा नाही: भोकातून वाहेपर्यंत घालायचं आणि बशीतलं पाणी ओतून द्यायचं. काकू आता कालनिर्णयवर पाणी घातल्याची खूण करतात. थंडीत दोन खुणांमध्ये तीनेक आठवडे जातात. एप्रिल-मेमध्ये बाल्कनीत आठवडाही पुरत नाही. म्हणजे तेव्हा पाणी पूर्वीपेक्षा जास्तच जातं, आणि काकूंना अजून ते पटलेलं नाही.

उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात. बोअरचं पाणी जड, कुंडीच्या काठाला पांढरा क्षार धरतो आणि पात्यांची टोकं तपकिरी होतात. त्याला औषध नको. पहिल्या पावसात कुंडी दोन दिवस उघड्यावर ठेवली की क्षार धुऊन जातात.

धाकट्याला दसऱ्याच्या सुमारास नवी पाती आली, आखूड आणि रुंद, हॉलमधल्या लांबट फिकट पात्यांपेक्षा वेगळी. मधल्याने वेळ घेतला. सप्टेंबरच्या अखेरीस हळूच हलवून पाहिलं तर खोडाने धरून ठेवलं होतं. जुना झुबका मात्र रोडावलेलाच राहिला. कापाच्या बरंच वर सालीखालच्या सुप्त डोळ्यातून एक नवा फुटवा आला आहे, एकाच बाजूला, त्यामुळे झाड तिरपं दिसणार. सुनेला ते आवडलं आहे. काकूंना नाही.

शेजारच्या मांजरीचा त्या बाल्कनीत वावर आहे. युक्कात सॅपोनिन असतात, मांजर-कुत्र्याने पाती चघळली तर उलट्या होतात. म्हणून कुंड्या खाली नाही, स्टँडवर ठेवायला सांगितल्या.

आता हॉलमधला तो कोपरा रिकामा आहे आणि घरच्यांना तिथे पुन्हा उंच काहीतरी हवं आहे. फाटकाजवळच्या रांगेतून एक खोड कापून द्यायला सोसायटीचा माळी तयार आहे. मी नाही म्हटलं. ते खोड बाल्कनीत लावा, तिथे ते सहज जगेल. दीडशे लक्सच्या कोपऱ्यात ठेवायचंच असेल तर झीझी (कमी उजेडात तगणारं, जाड पानांचं झाड) ठेवा, तीही भोकाच्या कुंडीत, आणि काडीची परीक्षा तिलाही लावा. उंची कमी पडते म्हणून सून अजून विचार करते आहे. त्या जागी उभा दिवा ठेवावा असं तिच्या नवऱ्याचं मत आहे, आणि माझंही.